नकाशावर टिंब द्यायचं का? (किनवट-माहूरकडची देवठाणी आणि आमचं पुरातत्त्व)

पैनगंगाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. एक निर्णय पुढ्यात येऊन पडलाय आणि तो एकटीनं घ्यायची छाती होत नाहीये.

मी पुरातत्त्वाची. माहेर नांदेडचं, शिक्षण पुण्यात, आणि गेली तेरा वर्षं काम बहुतेक किनवट आणि माहूर तालुक्यांत. पुरातत्त्व म्हटलं की आपल्याकडं वेरूळ-अजिंठा आठवतं, फार तर तेर नाहीतर भोकरदनचं उत्खनन. माझ्या हातात कुदळ क्वचितच असते. रस्ता, वीजवाहिनी, तलाव, खाण असलं काही येऊ घातलं की त्या पट्ट्यात आधी पायी हिंडायचं, काय काय आहे ते लिहून काढायचं, आणि त्यातलं वाचेल तेवढं वाचावं म्हणून कागद पुढं सरकवायचे. तो मुलूख गोंड, कोलाम, परधान, आंध या लोकांचा. त्यांची देवठाणी, मसणवटे, उठून गेलेल्या वस्त्यांच्या जागा, जत्रेच्या पायवाटा, हे सगळं माझ्या कामात येतं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षातली गोष्ट सांगते. एका पोडावर गेले होते (कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात). पोडाच्या वरच्या अंगाला मोहाचं जुनं झाड, बुंध्याशी अनघड दगड, तेल-शेंदरानं काळपट लाल झालेले. शेजारी मोरपिसांचा जुडगा आणि एका मडक्याचा काठ. सोबत पोडाचे नाईक होते. मी सवयीनं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोजपट्टी काढली आणि फोटोसाठी दगडाला टेकवायला वाकले. नाईक म्हणाले, "बाई, ते काढा. देवाला लावू नका." मी पट्टी हातभर लांब ठेवली आणि टेप काढला. तेव्हा म्हणाले, "मोजू बी नका. देव मोजत नसतेत."

मी टेप आत ठेवला. पण उतरताना मनात दगड मोजले, उंचीचा अंदाज बांधला आणि गाडीत बसल्यावर वहीत लिहिलं. अक्षांश-रेखांश तर यंत्रानं आधीच घेतले होते. पुढं अहवाल झाला. त्यातली ठाण्यांची यादी, जागांच्या आकड्यांसकट, एका कार्यालयानं इंटरनेटवर टाकली. तेव्हा मला त्याचा आनंदच झाला होता. आपलं काम लोकांपुढं आलं म्हणून.

दोन पावसाळ्यांनंतर परत गेले तर मोहाच्या बुंध्याशी छातीएवढा खड्डा. दगड उलथून टाकलेले, काठावर सुकलेली लिंबं आणि हळद-कुंकू. गुप्तधनवाले. ते यादी बघूनच आले होते का, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण त्याच डोंगरात वाटेवरून सहज दिसणारी दुसरी तीन ठाणी जशीच्या तशी होती, आणि जे झाडीत आत होतं, पण यादीत होतं, तेच खणलं गेलं. नाईकांनी मला काही विचारलं नाही. मीच सांगितलं की मी लिहिलं होतं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमाला दावली होती जागा."

आता आजचा प्रश्न. त्याच भागात एक नवं काम येतंय. माझ्याकडं सगळ्या ठाण्यांची यादी मागितलीय, नेमक्या जागांसह. नाही दिली तर 'बाधित क्षेत्रात काही आढळले नाही' असा शेरा पडणार. आणि तीन पोडांवरच्या लोकांनी मला स्वच्छ सांगितलंय की दाखवतो, पण लिहू नका.

कायद्यात आधार शोधावा तर तोही तोकडा पडतो. केंद्राचा १९५८ चा कायदा आणि आपला १९६० चा राज्याचा कायदा, दोन्ही ठरावीक वर्षांपेक्षा जुनी वास्तू, लेणं, शिल्प, शिलालेख, एकाश्म असं काहीतरी मागतात. केंद्राच्या संरक्षित यादीत देशभरात सुमारे ३,७०० स्थळं आहेत. तिथं शंभर मीटरच्या आत बांधकाम बंद, पुढच्या दोनशे मीटरवर परवानगी. पण मोहाखालच्या अनघड दगडांचं वय कसं सांगू? लाकडी खांब कुजला की नवा उभा करतात, मांडव दर काही वर्षांनी नवा घालतात. आज हाताला लागणारी वस्तू दहा वर्षांची असेल, जागा मात्र कित्येक पिढ्यांची. ते पिढ्यांचं वय लिहायला अर्जात रकानाच नाही.

तर, टिंब द्यायचं का?

---

हदगावचा

ताई, धागा काढलात हे बरं केलंत. पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो.

आमच्या गावाला लागून पांढर (जुन्या वस्तीचं टेकाड) होती. लहानपणी पाऊस पडून गेला की आम्ही पोरं तिथं खापरं, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वेचायचो. पांढरीची माती शेताला चांगली म्हणून लोकांनी ट्रॅक्टरनं नेली. दहा-बारा वर्षांत टेकाड सपाट. तिथंच दोन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड) होते. एक मारुतीच्या पाराची पायरी झाला, पालथा घालून. दुसरा ओढ्यावरच्या मोरीत गेला. ठेकेदाराला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, कुठं लिहिलंय हे जुनं आहे म्हणून? आणि खरंच कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तुमच्या ठाण्याचं जे झालं ते वाईटच. पण खणलेला खड्डा बुजवून देव परत मांडता येतो. जेसीबीनं डोंगराचा उतारच कापून नेला तर काय मांडणार? म्हणून माझं म्हणणं, नोंद पाहिजेच.

---

निवृत्त_तलाठी

मी किनवट भागात नोकरी केली आहे, म्हणून दप्तराची बाजू मांडतो.

किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, भाषावार रचनेत नांदेडला आलं. त्यामुळं जुनं दप्तर उर्दूतलं. नंतरचं आपल्या मराठवाड्यातलं हुकमी कागदपत्र म्हणजे खासरा पाहणी पत्रक. आजही जुना कब्जा दाखवायचा तर लोक तेच काढतात. पण या कागदांत पोडावरचा देव कुठं सापडतो? बहुतेक वेळा 'पोटखराब' या एका शब्दात. नांगर जात नाही, दगड आहेत, झाड आहे, म्हणून पोटखराब. दोन गुंठे, चार गुंठे.

यात एक बारकावा आहे. पोटखराबाचे दोन वर्ग. 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक जमीन. 'ब' म्हणजे रस्ता, पाणवठा, मसणवटा, सार्वजनिक कारणासाठी राखलेली जागा. 'अ' ची जमीन लागवडीखाली आणायला शासन उलट उत्तेजन देतं. देवठाणं 'अ' मध्ये पडलं की कागदावर तो नुसता खडक. मोजणीला आलेल्या माणसाला कुणी सांगितलंच नाही, आणि सांगितलं असतं तरी कोलामी त्याला कळली नसती.

नोकरीत असताना हे मला सुचलं नाही. आता सुचतंय आणि मनाला लागतंय.

---

पैनगंगाकाठ

तलाठीसाहेब, पोटखराबाचं हे मला माहीत नव्हतं. उद्याच माझ्या यादीतले गट नंबर काढून बघते. फार उपकार झाले.

@हदगावचा, तुमचं म्हणणं मला पटतं, म्हणूनच तर अडकलेय. फक्त एक, खड्डा बुजवून देव परत मांडता येतो असं तिथं झालं नाही. त्या ठाण्याला पुढं दोन वर्षं भीमायकाची (कोलामांच्या देवाची) पूजा झाली नाही. वडीलधारे म्हणाले, जागा बाटली. तिसऱ्या वर्षी विधी करून पुन्हा सुरू केली.

---

मी_कळमनुरीची

मी आंध समाजाची. कळमनुरी तालुका, हिंगोली जिल्हा.

आमच्याकडं वेगळाच ताप आहे. आंध मराठीच बोलतात, त्यामुळं येणारा प्रत्येक अभ्यासक म्हणतो, तुमचं असं वेगळं काय आहे? गोंडांचं गोंडी आहे, कोलामांचं कोलामी आहे, दोन्ही द्राविडी भाषा, लगेच लक्षात येतं. आमचं वेगळेपण ऐकायला थांबावं लागतं. माझ्या आज्जीला लग्नातली, पेरणीची, मर्तिकाची मिळून किती गाणी येत होती ते तिलाही सांगता यायचं नाही. मर्तिकाची गाणी ती एरवी म्हणत नसे. घरात उगाच म्हणू नये असा नेम.

मी बारावीत असताना एक संशोधक आले. चांगले बोलले, चहा प्याले, टेपरेकॉर्डर ठेवला आणि आज्जीला तीच गाणी म्हणायला लावली. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून ती म्हणाली. त्या रात्री जेवली नाही. पुढं त्यांचं काय छापून आलं, कुठं आलं, आम्हाला एक कागद मिळाला नाही. आज्जी गेली. तिचा आवाज कुणाच्या तरी कपाटात आहे आणि माझ्या मुलीला ऐकवायला माझ्याकडं काही नाही.

म्हणून ताई, लिहायचं की नाही याच्या आधी हे ठरवा की लिहिलेलं राहणार कुणाकडं.

---

पैनगंगाकाठ

तुमचा प्रतिसाद सकाळपासून तीनदा वाचला. माझ्या कपाटात अशा अकरा वह्या आहेत.

---

वनहक्क_किनवट

कायद्याच्या बाजूनं थोडं. पुरातत्त्वाच्या कायद्यात दार बंद असलं तरी दुसरीकडून आत जाता येतं.

पहिलं, पेसा, १९९६ चा. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपायला हा कायदा सक्षम मानतो. महाराष्ट्राचे नियम २०१४ ला आले. मराठवाड्यात अनुसूचित क्षेत्र फक्त नांदेड जिल्ह्यात आहे, तेही किनवट-माहूरच्या गावांत. कळमनुरीच्या ताईंच्या गावाला पेसा लागू नाही, ही मोठी उणीव आहेच.

पण दुसरा कायदा त्यांनाही लागू आहे. वनहक्क कायदा, २००६. त्याचं कलम ५ वाचा. आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला बाधा आणणाऱ्या गोष्टींपासून राहण्याची जागा जपायचा अधिकार ग्रामसभेला आणि हक्कधारकांना दिलाय. आणि नियम १३ मध्ये दाव्याचे पुरावे कोणकोणते चालतात ते आहे. जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळं हे सगळं पुरावा म्हणून चालतं, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. म्हणजे जे ठाणं पुरातत्त्वाच्या व्याख्येत बसत नाही, तेच इथं दाव्याचा आधार होतं. शिवाय कोलाम हे आपल्या राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि माडियांसोबत. त्यांना अधिवासाचा, म्हणजे सगळ्या वहिवाटीच्या मुलखाचा हक्क मागता येतो.

नियमगिरी आठवा. ओडिशातला डोंगरिया कोंधांचा डोंगर, बॉक्साइटच्या खाणीसाठी मागितलेला. सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं की धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढं ठेवा. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही जणींनी नकार दिला. तिथं कुणी डोंगराचं वय विचारलं नाही.

माझी सूचना, यादी तुम्ही देऊ नका. ग्रामसभेला ठराव करू द्या.

---

शंका_आहे

सगळ्यांचा आदर राखून एक अवघड प्रश्न विचारतो. उद्या कुणीही दगडाला शेंदूर लावील आणि म्हणेल, आमचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ठाणं. रस्त्यांच्या कडेला हे रोज बघतोच. जागा सांगायची नाही, मोजू द्यायचं नाही, फोटो नाही, मग खरं-खोटं करायचं कसं? पुरातत्त्व हे शास्त्र असेल तर पडताळा हवा ना?

---

पैनगंगाकाठ

हा प्रश्न मला कार्यालयात दर वेळी विचारतात आणि तो योग्यच आहे. सविस्तर लिहिते, कारण खरं काम इथंच आहे.

शेंदरापासूनच सुरुवात करू. जुन्या देवावरचा शेंदूर हा रंग नसतो, ते कवच असतं. तेल आणि शेंदराचं पुटावर पूट चढत जातं, बोट-दोन बोटं जाड होतं, कधी वजनानं आपोआप सुटतं. एका गावात असं सुटलेलं कवच पुजाऱ्यानं मला दाखवलं होतं, ओच्यात धरून, हात लावू न देता. तुटलेल्या कडेवर कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते. मध्येच एक काळा थर, वणव्याचा. मग पुन्हा लाल. तो काळा थर बघून पुजारी म्हणाले, हे आमच्या आज्याच्या वेळचं जळणं. परवा लावलेल्या शेंदराला हे सोंग आणता येत नाही. आणि हे बघायला मला कवच फोडायची किंवा प्रयोगशाळेत न्यायची गरज पडली नाही.

दुसरं, माणसं. गोंडांच्या कितीतरी ठाण्यांवर पुजारी कोलाम असतो, कारण कोलाम हे त्या रानाचे आधीचे, तिथल्या देवाला तेच ओळखतात असं गोंडच मानतात. मग मी कोलाम पुजाऱ्याला वेगळं विचारते, गोंड पाटलाला वेगळं, आणि शेजारच्या बंजारा तांड्यावरही विचारते. त्यांना या ठाण्यातून मिळायचं काही नसतं. तिन्ही ठिकाणी जत्रेची वाट, थांबायची झाडं आणि पाणी भरायचा झरा एकच निघाला तर मला पुरावा मिळाला.

तिसरे परधान. गोंडांच्या कुळांची सगळी पुराणं परधानांच्या तोंडी. किंगरी (तंतुवाद्य) घेऊन बसले की कुठल्या सगाचा (कुळगटाचा) देव कुठून निघाला, कुठली नदी कुठं ओलांडली, कुठं मुक्काम पडला ते क्रमानं येतं. नागोबाच्या जत्रेला तेलंगणातल्या केसलापूरला मेस्राम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी पायी आणतात, ती वाट ठरलेली असते. आपल्या किनवटहूनही लोक जातात. अशा गाण्यातल्या वाटेवर चालत गेले आणि पाण्याजवळ जुन्या वस्तीची खापरं मिळाली, असं माझ्या बाबतीत दोनदा झालंय. तो दिवस मी विसरणार नाही. पण हे शिकलेली तरुण मुलं आता थोडीच राहिलीत.

आणि चौथं, बिनमोजता बघणं. पायाखालची माती तेलानं काळी आणि घट्ट झालीय का, झाडाच्या बुंध्यानं दगड पोटात घेतलाय का, आसपास चुली किती आणि राखेचा थर केवढा. हे सगळं चार हात लांबून दिसतं.

पेनाचं (गोंडांच्या देवाचं) तर आणखी निराळं. गोंडांच्या पेरसापेनाची निशाणं, भाल्याचं लोखंडी पातं, चवरी, ही एरवी गुंडाळून ठेवलेली असतात. ठरलेल्या सणालाच उघडायची, नेमलेल्या माणसानंच. ती संग्रहालयाच्या काचेत नेऊन ठेवली आणि खाली 'लोखंडी पाते' असं लिहिलं तर वस्तू टिकेल, पेन टिकणार नाही.

---

शंका_आहे

समाधान झालं. शेंदराच्या थरांचं माहीत नव्हतं. माझा आक्षेप मागे घेतो.

---

दूरदेशी_लातूरकर

मी मूळचा औसा तालुक्याचा, सध्या अमेरिकेत न्यू मेक्सिकोत. पुरातत्त्वातला नाही, नकाशे करणाऱ्या कंपनीत आहे, पण कामानिमित्त तिथल्या आदिवासी जमातींच्या वारसा कार्यालयांशी रोज संबंध येतो. तिथं हाच पेच कसा सोडवतात ते लिहितो, उपयोग होईल.

तिथं १९६६ च्या कायद्यातलं कलम १०६ असं आहे की केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी असलेल्या कुठल्याही कामाआधी वारसा स्थळांवर काय परिणाम होईल ते बघावंच लागतं, आणि संबंधित जमातींशी सल्लामसलत करावी लागते. १९९२ च्या दुरुस्तीनंतर जमाती स्वतःचा वारसा अधिकारी नेमू शकतात. आज २०० हून अधिक जमातींचे असे अधिकारी आहेत, आणि त्यांच्या हाताखाली पुरातत्त्वज्ञ नोकरी करतात.

तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे, जागा उघड केल्यानं नासधूस होण्याची भीती असेल तर ती माहिती लोकांपासून राखून ठेवायची तरतूद कायद्यातच आहे. १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्यातही तसंच. आम्हाला नकाशा येतो तेव्हा त्यावर टिंब नसतं. मोठा, मुद्दाम वेडावाकडा आखलेला पट्टा असतो, आणि या पट्ट्यात काम करायचं असेल तर आधी अमुक कार्यालयाशी बोला एवढंच लिहिलेलं असतं. ठाणं पट्ट्याच्या मधोमध असेलच असंही नाही.

तुम्ही लाकडी खांबाचं लिहिलंत ते वाचून झुनी लोक आठवले. त्यांचे अहायुदा नावाचे युद्धदेव लाकडात कोरलेले असतात. उघड्यावरच्या ठाण्यात ठेवायचे आणि ऊन-पावसात हळूहळू मातीला मिळू द्यायचे, हाच त्यांचा धर्म. लोकांनी ते चोरून नेले, मग ते संग्रहालयांत पोचले आणि तिथं त्यांना टिकवण्याचे उपाय झाले. झुनींनी १९७८ पासून ते परत मागायला सुरुवात केली आणि डेन्व्हरच्या कलासंग्रहालयानं १९८० मध्ये त्यांच्याकडचे परत दिले. १९९० ला अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा झाला. त्याच्या २०२४ पासूनच्या नव्या नियमांप्रमाणे अशा वस्तू मांडायला किंवा अभ्यासायला जमातीची आधी संमती लागते. सगळं सुरळीत चालतं असं नाही, खासगी जमिनीवर हे कायदे फारसे चालत नाहीत. पण कुणाला विचारायचं, हे तिथं ठरलेलं आहे.

एक घरचं. १९९३ च्या भूकंपानंतर ज्या ५२ गावांचं पुनर्वसन झालं त्यात आमचं एक. नव्या गावात देऊळ झालं, छान झालं. माझी आजी मरेपर्यंत दर पौर्णिमेला जुन्या गावठाणात जाऊन ढिगाऱ्यातल्या एका दगडाला पाणी घालून यायची. आदिवासी नव्हतो आम्ही. तरी मला तुमच्या नाईकांचं म्हणणं कळतं.

---

सोयगाव_डोंगरपट्टा

आमच्याकडं शाळेत शिकवतात, अजिंठा १८१९ मध्ये इंग्रज शिकाऱ्याला सापडला. लेण्यांच्या माथ्यावरच्या गावाचं नाव लेणापूर. या डोंगरांत भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या वाघदेवाचे दगड गौताळ्याच्या बाजूला आजही आहेत. पितळखोऱ्याला लाखभर लोक येऊ देत, पण ते दगड कुणाच्या व्हिडिओत येऊ नयेत असं मलाही वाटतं. ताईंना पाठिंबा.

---

जिल्हा_परिषद_गुरुजी

एक व्यावहारिक शंका. आमच्या शाळेच्या कुंपणाचं खोदकाम चालू असताना कोरीव दगड निघाला, घोड्यावरचा स्वार आहे. मुलं हळद वाहायला लागलीत. काय करावं?

---

पैनगंगाकाठ

गुरुजी, वीरगळ असणार. आहे तिथून हलवू नका. पाण्यानं धुऊ नका, ऑइलपेंट तर मुळीच देऊ नका. भोवतीचं खोदकाम थांबवा, वर ताडपत्री घाला. तहसीलदारांना लेखी कळवा. राज्य पुरातत्त्व विभागाचं नांदेडला सहायक संचालकांचं कार्यालय आहे, त्यांनाही एक प्रत पाठवा. आणि जमिनीत नाणी-दागिने असं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं दहा रुपयांवरच्या कुठल्याही ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीच लागते. हळदीचं म्हणाल तर वाहू द्या. त्यानं दगडाचं काही बिघडत नाही, आणि मुलं त्याच्यावर लक्ष ठेवतील.

---

हदगावचा

मी परत वाचलं सगळं. नोंद पाहिजे यावर ठाम आहे. पण पट्ट्याची कल्पना मला पटली. ठेकेदाराला थांबायला लागेल आणि गुप्तधनवाल्याला जागा कळणार नाही. आमच्या मोरीतला वीरगळ काढता येतो का ते ग्रामपंचायतीत विचारतोय.

---

पैनगंगाकाठ

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, तीन दिवस पोडावर होते, तिथं रेंज नसते.

काय झालं ते सांगते. धाग्यातली पट्ट्याची गोष्ट मी नाईक आणि महाजनांना चावडीत बसून सांगितली. तलाठीसाहेबांचा पोटखराबाचा मुद्दाही सांगितला. सातबारा काढून नेला होता. चार ठाण्यांपैकी तीन खरोखरच 'पो. ख. अ' मध्ये निघाली. नाईकांनी आकडा बोटानं दाखवत पोरांना विचारलं, म्हणजे सरकारच्या कागदावर आपला देव खडक हाय का? कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, पट्टा चालंल. कुठून कुठवर ते आम्ही सांगतो.

दुसऱ्या दिवशी सहा जणांसोबत चाललो. पट्टा त्यांनी आखला, मी फक्त मागून कागद धरला. ओढा, बांध, पळसाची रांग, वनखात्याचा जुना दगड, अशा खुणांनी. आत ठाणी किती, ते कागदावर नाही. ग्रामसभेचा ठराव पुढच्या बैठकीत घ्यायचा ठरलाय, त्यात मसणवट्यांच्या जागा वर्ग 'ब' मध्ये घेण्याची मागणीही आहे. कार्यालयाला मी कळवलंय की यादीऐवजी ग्रामसभेचा ठराव आणि पट्ट्याचा नकाशा मिळेल. अजून उत्तर नाही. ते काय शेरा मारतात ते इथं लिहीन.

कळमनुरीच्या ताई, माझ्या अकरा वह्यांपैकी चार त्या पोडांच्या आहेत. त्यांच्या छायाप्रती काढून नेल्या होत्या आणि मूळ वह्याही. नाईकांनी मूळ वह्या ठेवून घेतल्या, छायाप्रतींमधली दोन पानं फाडून मागितली आणि बाकीच्या मला परत दिल्या. वह्या चावडीतल्या पत्र्याच्या पेटीत आहेत, ढोलांच्या शेजारी. त्या संशोधकांचं नाव आठवत असेल तर मला खासगी निरोपात कळवा. विद्यापीठात ओळखी आहेत, आज्जींची टेप कुठं असेल ते शोधायला लागते.